मुंदडा प्रकरण

मुंदडा प्रकरण : आयुर्विमा महामंडळाने जून 1957 मध्ये कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, त्यावरून उभा राहिलेला स्वतंत्र भारतातील पहिला मोठा आर्थिक घोटाळा. रिचर्डसन क्रुडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या त्यांपैकी काही कंपन्या. महामंडळ जेमतेम वर्षाचे होते, पैसा विमेदारांचा होता आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेदेखील नव्हते.

रायबरेलीचे खासदार फिरोझ गांधी यांनी 16 डिसेंबर 1957 रोजी लोकसभेत हा व्यवहार चव्हाट्यावर आणला. ते सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई, म्हणून त्यांच्या धैर्याचे मोल अधिक. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाकडे गेली. त्यांनी ती मुंबईत जाहीरपणे चालवली. गर्दी एवढी लोटली, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. सरकारचे म्हणणे असे जनतेसमोर उलटतपासणीत तपासले जाण्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता.

कोलकात्याचा घसरता शेअर बाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हा सरकारी बाजूचा मुख्य दावा. तो खरेदीच्या यादीपुढेच टिकत नाही. बाजार सावरायचा तर आघाडीच्या अनेक कंपन्यांचे शेअर घ्यावे लागतात. येथे सगळे एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस बनावट शेअरांमुळे आधीच बदनाम झालेला होता. गुंतवणूक समितीला विचारले असते तर हे कळले असते. आयोगाने हा दावा फेटाळला.

व्यवहाराला आपली संमती नव्हती, हे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणेही आयोगाने मानले नाही. खात्याच्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, ती सचिवावर ढकलता येत नाही, असा निर्वाळा छागलांनी दिला. या प्रकरणातील सर्वांत टिकाऊ भाग हाच. कृष्णम्माचारींनी फेब्रुवारी 1958 मध्ये राजीनामा दिला. या व्यवहारात तुमचा वाटा सर्वांत लहान होता, अशा आशयाचे पत्र नेहरूंनी त्यांना लिहिले. आयोगाच्या निष्कर्षांशी ते जुळत नाही.

मुंदडा यांना पुढे तुरुंगवास झाला. कृष्णम्माचारी 1960 च्या दशकात पुन्हा अर्थमंत्री झाले. या व्यवहाराच्या वेळचे अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल 1977 मध्ये जनता सरकारात त्याच खात्याचे मंत्री झाले.