होरसचा डोळा आणि अपूर्णांक

गणिताच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकांत एक चित्र हमखास आढळते. प्राचीन इजिप्तच्या होरस या देवाचा डोळा, त्याचे सहा भाग आणि प्रत्येक भागापुढे एकेक अपूर्णांक : नाकाकडचा कोपरा १/२, बुबुळ १/४, भुवई १/८, दुसरा कोपरा १/१६, खालची वळणदार रेघ १/३२ आणि अश्रूसारखी खूण १/६४. चित्र इतके देखणे आहे की शिक्षकाला ते फळ्यावर काढण्याचा मोह व्हावा. पण ही कथा कितपत खरी आहे?

डोळ्याचे चिन्ह निश्चितच फार जुने आहे. होरसचा पिता ओसायरिस याला सेथने ठार केले. पुढे राज्यासाठी होरस आणि सेथ यांच्यात युद्ध झाले. त्यात होरसचा डोळा जखमी झाला आणि ज्ञानदेवता थॉथने तो बरा केला, अशी पुराणकथा आहे. या डोळ्याचे इजिप्शियन नाव ‘वेजात’, म्हणजे धड, अखंड. होरस हा ससाण्याच्या रूपातील देव. म्हणून चित्रात वरचा डोळा आणि भुवई माणसाची, तर खालच्या खुणा ससाण्याच्या चेहऱ्यावरील पट्ट्यांसारख्या असतात. निळ्या-हिरव्या झिलईचे असे ताईत जिवंत माणसे वापरीत आणि ममीसोबतही ठेवले जात. ममी करताना पोटावर घेतलेला छेद झाकायला या डोळ्याचा पत्रा वापरीत. १९४० साली तानिस येथे सापडलेल्या सुसेनेस पहिला या राजाच्या ममीवरील असा पत्रा सोन्याचा आहे. जखम भरून येऊन शरीर पुन्हा अखंड व्हावे, हा त्यामागील भाव.

आता अपूर्णांकांकडे वळू. धान्य मोजण्याचे इजिप्शियन माप ‘हेकात’, सुमारे ४.८ लिटरचे. त्याचे १/२ पासून १/६४ पर्यंत निम्मे-निम्मे भाग करीत आणि प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह लिहीत. इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिलेल्या ऱ्हिंड पपायरसमध्ये ही चिन्हे दिसतात. ही चिन्हे म्हणजे होरसच्या डोळ्याचे तुकडे आहेत, अशी कल्पना जर्मन अभ्यासक गेओर्ग म्योलर यांनी १९११ मध्ये मांडली. अॅलन गार्डिनर यांच्या १९२७ च्या व्याकरणग्रंथामुळे ती सर्वत्र पसरली. सहा भागांची बेरीज ६३/६४ येते. उरलेला १/६४ थॉथने जादूने पुरवला असावा, अशी पुस्तीही तिला जोडली गेली.

२००२ मध्ये गणितेतिहासकार जिम रिटर यांनी वेगवेगळ्या काळांतील ही चिन्हे ताडून पाहिली. ती मुळात डोळ्यापासून आली असतील, तर जितके मागे जावे तितके साम्य वाढायला हवे. प्रत्यक्षात उलट घडते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांतील चिन्हे डोळ्याच्या भागांसारखी दिसतच नाहीत. साम्य आहे ते नंतरच्या काळातले. शिवाय ‘हरवलेला’ १/६४ हेही गूढ नव्हते. हेकातचा ३२० वा भाग म्हणजे ‘रो’. तेव्हा १/६४ हेकात म्हणजे बरोबर ५ रो, आणि लेखनिक उरलेले धान्य रोमध्येच मांडीत.

निम्मे-निम्मे करीत जाण्यासाठी देवाच्या डोळ्याची गरज नसते. आपल्याकडेही शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे निम्मे कोळवे आणि कोळव्याचे निम्मे निळवे होते. म्हणजे १/२, १/४, १/८, १/१६. भरलेले माप दोन सारख्या भांड्यांत वाटणे ही सर्वांत सोपी विभागणी, म्हणून ती नाईलकाठीही आली आणि आपल्या खळ्यावरही.

मग वर्गात हे चित्र काढूच नये काय? जरूर काढावे. कागदाची घडी घालून १/२ + १/४ + १/८ + … ही बेरीज एकाच्या जवळ कशी जाते, तरीही प्रत्येक टप्प्यावर शेवटच्या तुकड्याएवढीच कमी कशी पडते, हे मुलांना करून पाहू द्यावे. ते गणित पक्के आहे. त्यानंतर डोळ्याची गोष्ट सांगून विचारावे : ही गोष्ट खरी की खोटी, हे ठरवायला कोणता पुरावा पाहाल? ‘जुनी चिन्हे कशी होती ते बघू’ असे एखाद्या मुलाने म्हटले, तर इतिहास कसा तपासतात हे त्याला समजले.