नक्कल घड्याळे : घेताना आणि वापरताना पडणारे प्रश्न

परभणी – लग्नसराई जवळ आली की घड्याळांच्या दुकानांत गर्दी वाढते. वराला घड्याळ देण्याची प्रथा मोबाईलच्या काळातही मराठवाड्यात टिकून आहे. मात्र नामांकित कंपन्यांच्या नावाची नक्कल घड्याळे सर्वत्र मिळू लागल्याने ग्राहकांचा गोंधळ उडतो. परभणी शहरासह गंगाखेड, सेलू, जिंतूर, पाथरी यांसारख्या तालुक्यांतील ग्राहकांना उपयोगी पडतील अशा काही नेहमीच्या प्रश्नांची ही उत्तरे.

'फर्स्ट कॉपी' म्हणजे नेमके काय?
हा शब्द विक्रेत्यांनी रूढ केलेला आहे. त्याला कोणताही अधिकृत दर्जा नाही. ज्या घड्याळावर दुसऱ्या कंपनीचे नाव व चिन्ह परवानगीविना छापले आहे, ते बनावट घड्याळ होय. मग त्याला फर्स्ट कॉपी म्हणा, एए म्हणा अथवा आणखी काही. केवळ घाट प्रसिद्ध घड्याळासारखा असून नाव स्वतःचेच असेल, तर तो प्रकार वेगळा. कमी पैशांत तसेच रूप हवे असलेल्यांनी हा दुसरा पर्याय निवडणे केव्हाही चांगले.

असे घड्याळ विकत घेणे गुन्हा आहे काय?
व्यापार चिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये बनावट चिन्हाचा माल तयार करणे, विकणे, विक्रीसाठी मांडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्याचा हा रोख विक्रेत्यावर आहे. स्वतःच्या वापरासाठी एखादे घड्याळ घेणाऱ्यावर नाही. तरीही परदेशातून मागवलेला बनावट माल सीमाशुल्क विभाग अडवू शकतो. तसेच वापरून झालेले नक्कल घड्याळ 'अस्सल' म्हणून दुसऱ्याला विकणारा ग्राहक स्वतःच विक्रेत्याच्या जागी येतो, हे विसरू नये.

अस्सल आणि नक्कल कसे ओळखावे?
प्रथम सेकंदकाटा पाहावा. सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळात तो सेकंदाला एक उडी घेतो. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात तो सेकंदाला साधारण पाच ते आठ बारीक ठोके घेत जवळजवळ सलग फिरतो. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' छापलेले असून काटा सेकंदाला एकदाच उडत असेल, तर संशय घ्यावा. तबकडीवरील अक्षरे भिंगाखाली पाहावीत. पसरलेली शाई, वाकडे आकडे ही नकलेची खूण. क्रोनोग्राफच्या छोट्या तबकड्या पुष्कळ नकलांत केवळ शोभेच्या असतात. बटणे दाबून त्या चालतात का ते पाहावे. 'स्विस मेड' ही अक्षरे कोणीही छापू शकतो. प्रत्यक्षात २०१७ पासूनच्या स्विस नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. या सर्वांपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे अधिकृत विक्रेता, छापील पावती आणि शिक्क्याचे गॅरंटीकार्ड.

जुने एचएमटी घ्यावे काय?
सर्वाधिक सावधगिरी येथेच हवी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झाला. 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही घड्याळे घरोघरी पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिल्यानंतर जुन्या घड्याळांना मागणी वाढली. त्याबरोबर जुन्या मशीनवर नवी तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे आणि मुलामा दिलेली केस चढवून तयार केलेली घड्याळेही बाजारात आली. पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळाची तबकडी झगझगीत नवी दिसत असेल, तर ती पुन्हा रंगवलेली असण्याचीच शक्यता अधिक. मागचे झाकण उघडून मशीनवरील नाव पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वडिलांचे अस्सल घड्याळ घरात असेल तर ते जपावे. दुरुस्तीला देण्यापूर्वी तबकडी, झाकणावरील क्रमांक आणि शक्य असल्यास आतील मशीन यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. सुटे भाग बदलले गेल्यास तोच पुरावा ठरतो.

पाण्यात चालेल काय?
नकलेवर छापलेल्या 'वॉटरप्रूफ' शब्दावर विसंबू नये. अस्सल घड्याळावरही '३० मीटर' याचा अर्थ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरते संरक्षण, एवढाच; पोहण्यासाठी सहसा १०० मीटरची क्षमता पाहावी. काचेच्या आत बाष्प दिसल्यास घड्याळ उन्हात न ठेवता त्वरित उघडून घ्यावे.

निगा कशी राखावी?
परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी बंद मोटारीत वा दुचाकीच्या डिकीत घड्याळ ठेवू नये. घामाने चामड्याचा पट्टा लवकर कुजतो. रात्री तो कोरड्या फडक्याने पुसावा. स्वस्त धातूच्या मुलाम्याखाली निकेल असल्यास मनगटाला खाज सुटते, पुरळ येतो. तसे झाल्यास ते घड्याळ वापरणे थांबवावे. घड्याळ बंद पडल्यावर जुना सेल आत ठेवू नये. तो गळून मशीन निकामी करतो. चावीचे घड्याळ रोज ठरावीक वेळी भरावे आणि चावी घट्ट लागताच थांबावे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख बदलू नये, कारण तेव्हा तारखेची चाके एकमेकांत अडकलेली असतात. घड्याळ स्पीकर वा चुंबक असलेल्या मोबाईल कव्हरजवळ ठेवू नये.

नक्कल घड्याळावर दुरुस्तीचा खर्च करावा काय?
सेल आणि पट्टा, इथपर्यंत हरकत नाही. मूळ कंपनीची सेवाकेंद्रे बनावट घड्याळ हाती घेत नाहीत आणि त्याचे सुटे भागही सहसा मिळत नाहीत.

फसवणूक झाल्यास काय करावे?
अस्सल सांगून नक्कल विकली असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार परभणी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. मात्र नक्कल आहे हे ठाऊक असूनच खरेदी केली असेल, तर फसवणुकीचा दावा टिकणे कठीण. पावती नसल्यास तर तक्रारीचा पायाच डळमळतो. यात्रेतील फिरते दुकान चार दिवसांत हलते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून लग्नातील भेटीचे घड्याळ साध्या कंपनीचे असले तरी चालेल. ते पावतीसह, खऱ्या नावाचे असावे.