नळीच्या पोटातील नळी

सायकलीच्या सांगाड्याचा जो भाग दिसतो त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. जो नळीच्या पोटात दडलेला असतो, त्याचा इतिहास आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लेथ फिरतो त्यांस तो परका वाटू नये.

इ. स. १८८५ मध्ये कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल बाजारात आणली आणि पुढे पोलादी नळ्यांस मोठी मागणी आली. नळी पातळ घ्यावी तर ती सांध्याशी मोडे, जाड घ्यावी तर सायकल जड होई. पितळेने झाळताना सांध्यालगतचे पोलाद तापून नरम पडे, आणि रस्त्याचे हादरेही नेमके तेथेच एकवटत. म्हणून कारागीर नळीच्या टोकात दुसरी आखूड नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवीत. तिने वजन वाढे, शिवाय तिची कड सरळ असली की जाडी एकदम बदलून त्याच वर्तुळावर चीर पडे.

बर्मिंगहॅमचे रेनॉल्ड्स घराणे मूळचे खिळे करणारे. १८९७ मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स व त्यांचे सहकारी हेविट यांनी टोकांशी आतून जाड, मध्ये पातळ आणि बाहेरून एकाच व्यासाच्या नळीचे पेटंट घेतले. आकार देणारा दांडा आत अडके. तो सुटावा म्हणून नळी रुळांत फिरवून किंचित सैल करीत. आम्हांस तर ही युक्तीच अधिक मोलाची वाटते! १९३५ मध्ये त्याच घराण्याची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' नळी आली.

तरीही स्लीव्ह हद्दपार झाली नाही. विमानांच्या पोलादी सांगाड्याची नळी दुरुस्त करताना ती ३० अंशांच्या तिरकस छेदाने कापून आत स्लीव्ह घालण्याची रीत रूढ झाली, आणि जुन्या सायकली जतन करणारेही स्लीव्हचाच आधार घेतात. जुनी नळी आतून गंजलेली, क्वचित लंबगोल झालेली असते. म्हणून प्रथम गंज काढून आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजावा आणि मगच लेथवर स्लीव्ह उतरवावी. ती हाताच्या दाबाने सरकावी, पण डुगडुगू नये. तिची टोके निमुळती किंवा माशाच्या तोंडासारखी कापावी, म्हणजे भार एका वर्तुळावर येत नाही. हँडलाजवळचा सांधा चालत्या सायकलीवर तुटला तर स्वार तोंडावर पडतो. तेव्हा येथे घाई नको. नळी दोन्हीकडून बंद असेल तर वेल्डिंगपूर्वी एक बारीक भोक पाडावे, नाहीतर आतील तापलेली हवा वितळलेला धातू फोडून बाहेर येते.