तुटण्याआधी सांगणारा दोर

२००८च्या उन्हाळ्यात आमच्या शेतात विहीर खोदली जात होती. केळापूर तालुक्यातलं कोरडवाहू रान, कापूस आणि तूर. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. विहिरीच्या काठावर किरेन उभी होती आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसणं हा माझा सुट्टीचा उद्योग होता. एका दुपारी दगडांनी भरलेला लोखंडी डोल जवळजवळ काठापर्यंत आला आणि दोर तुटला. आवाज मोठा नव्हता, जाड फांदी मोडल्यासारखा होता. डोल खाली गेला. विहिरीत तेव्हा चौघं होते. ज्याच्या डोक्यावर तो पडायचा तो माणूस काही क्षणांपूर्वीच पाणी प्यायला कपारीकडे सरकला होता. उडालेल्या दगडाने एकाची नडगी फुटली. बाकी कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तुटका भाग कापला, उरलेल्या दोराला क्लिपा मारल्या आणि काम पुन्हा सुरू झालं. आबाजींनी विचारलं, "दोर पायला का रे नीट?" मिस्त्री म्हणाला, "काई होत नाई, बाप्पा." विहिरीला पाणी लागलं. आजही तिच्यावर दोन एकर ओलीत होतं.

मी पुढे मेकॅनिकलची पदवी घेतली आणि बरोबरीच्या निम्म्या पोरांसारखा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आलो. तिसऱ्या वर्षाला 'मशीन डिझाईन'मध्ये वायररोपवर एक प्रकरण होतं. ते वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं, की आमच्या विहिरीवरचा तो दोर अचानक तुटला नव्हता. तो बरेच दिवस सांगत असणार. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आधी एक साधा हिशोब. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल विहीर धरली तर तिच्यातून ३३९ घनमीटर माल बाहेर येतो. वर माती, मग मुरूम, मांजऱ्या, आणि खाली दख्खनचा काळा पाषाण. सरासरी अडीच टन प्रति घनमीटर धरले तर साधारण ८५० टन. म्हणजे रानाच्या कोपऱ्यातल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका विहिरीसाठी साडेआठशे टन वजन उचलावं लागतं. सरासरी सहा मीटर उंचीवर ते उचलायला लागणारी निव्वळ ऊर्जा काढली आणि मी तीनदा पडताळून पाहिली. फक्त १४ युनिट वीज! यंत्राची आणि घर्षणाची तूट धरली तरी दोन-चार दिवसांत घरातला एसी जेवढी खातो तेवढी. पण हेच काम वीस किलोच्या घमेल्याने करायचं तर साडेबेचाळीस हजार खेपा होतात. अर्ध्या टनाच्या डोलाने केलं तर १,७०० खेपा.

हा १,७०० आकडा लक्षात ठेवा. एका विहिरीत तितक्या वेळा माणसांच्या डोक्यावरून अर्धा टन दगड जातो.

उचलण्याची कला आपल्याकडे नवी नाही. मोट हे तर आपल्या गावांनी शतकानुशतकं वापरलेलं उच्चालन यंत्रच होतं. कातड्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, सोंड ओढायला बारीक सोंदूर, वर चाक, आणि बैलांना चालायला उताराची धाव. यातली हुशारी त्या उतारात आहे. भरलेली मोट वर येताना बैल उतरत असतात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला लागतं. चढ चढायचा तो रिकामी मोट खाली सोडताना. भार आणि ताकद यांची अशी सांगड घालणाऱ्या माणसाने कुठल्याही कॉलेजात पाय ठेवला नव्हता.

पण मोटेत आणि आमच्या किरेनमध्ये एक मूलभूत फरक आहे. नाडा तुटला तर मोट पाण्यात पडायची. खाली माणूस नसायचा. विहीर वापरताना उचललं जातं पाणी, आणि विहीर खोदताना उचलला जातो दगड, तोही माणसं खाली असताना. म्हणून खोदणाऱ्यांनी फार काळ यंत्रावर भिस्त ठेवली नाही. वडार आणि बेलदार समाजांच्या लोकांनी महाराष्ट्रभर विहिरी खोदल्या त्या बहुतांशी पहार, घण, सुरुंग आणि टोपलीवर. विहिरीच्या एका अंगाला पायऱ्या किंवा वळणाची वाट ठेवायची आणि बायकामाणसांच्या साखळीने डोक्यावरून माल बाहेर काढायचा. एका वेळी वीस किलो. हळू, मान मोडणारं काम, पण टोपली निसटली तर खाली येणारा माल वीस किलोचाच.

मग विहिरी खोल गेल्या. पाणी खाली गेलं तसा माणूस त्याच्या मागे खडकात उतरला, आणि चाळीस फुटांवरून टोपल्या चढवणं परवडेनासं झालं. तिथे किरेन आली. पश्चिम महाराष्ट्रात तिला यारी म्हणतात. पारिभाषिक कोशांतही क्रेनसाठी हाच शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण हिच्याशी खरोखरच यारी करावी लागते. आमच्या शेतातली किरेन कुठल्या कारखान्यात तयार झालेली नव्हती. डिझेल इंजिन, भंगारातल्या ट्रकचा गिअरबॉक्स, जाड पाइपाचा ड्रम, लोखंडी खांब, त्याला हाताने फिरणारा आडवा हात आणि चहूबाजूंनी तारांचे ताण. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जन्मलेलं यंत्र. जुगाड म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, आणि ते खोटं नाही. फक्त त्या जुगाडात यंत्राचा अर्धाच इतिहास आला होता.

उरलेला अर्धा इतिहास जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणीत सुरू होतो. तिथे माल वर काढायला तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. साखळी मजबूत, पण तिचा एक दुर्गुण होता. शंभर कड्यांपैकी नव्व्याण्णव ठणठणीत असतील आणि एक कच्ची असेल, तर साखळी त्या एका कडीइतकीच मजबूत. शिवाय तुटताना ती काही सूचना देत नाही. आमच्या ऑफिसात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात आणि त्यावर दर आठवड्याला मीटिंगा होतात. विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने १८३४ साली क्लाऊस्थालच्या खाणीत तारांचा पीळ घातलेला दोर वापरला. चार-चार तारांचे तीन पेड. एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा घेतात. दोर लगेच तुटत नाही, आणि तुटलेल्या तारेचं टोक बाहेर डोकावतं. वायररोपची खरी करामत त्याच्या ताकदीत नाही. तो तुटण्याआधी सांगतो, यात आहे.

वीस वर्षांनी, १८५४ साली, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस एका उचलत्या फळीवर उभा राहिला आणि त्याने गर्दीसमोर वरचा दोर कापायला लावला. फळी थोडी घसरली आणि अडकली. दोर सैल पडताच बाजूच्या दातेरी पट्ट्यांत खटके बसतील अशी सोय त्याने केली होती. उंच इमारती शक्य झाल्या त्या या खटक्यामुळे. उचलता तर माणसाला हजारो वर्षांपासून येत होतं. पडणं थांबवता यायला लागलं तेव्हा त्याने उचलत्या फळीवर स्वतः पाय ठेवला.

हा दुसरा अर्धा इतिहास भारतात आला नाही असं नाही. तो यवतमाळच्या कापसाच्या वाटेनेच आला. इथला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळा व्हायचा, प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी व्हायच्या, आणि शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून यवतमाळहून मूर्तिजापूर आणि पुढे मुंबई. मुंबईत १८७५चा ससून डॉक तर कापसाच्या व्यापारासाठीच बांधलेला. पुढे १८८०ला प्रिन्सेस डॉक, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा. गोदीत जहाज थांबलं की पैसा थांबतो, म्हणून तिथे याऱ्या आल्या, आणि याऱ्यांखाली माणसं मरायला लागली म्हणून नियम आले. १९३४ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि १९४८ साली त्याची नियमावली. तिच्यातला एक नियम मला पाठ आहे: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत एकूण तारांपैकी दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या, तर तो दोर उचलण्यासाठी वापरायचा नाही.

किती साधा नियम आहे बघा. बारा मिलिमीटरचा दोर असेल तर ९६ मिलिमीटर, म्हणजे साधारण तळहाताची रुंदी. नेहमीच्या सहा पेडांच्या, प्रत्येकी एकोणीस तारांच्या दोरात ११४ तारा. तळहाताएवढ्या भागात अकराहून जास्त टोकं मोजली की दोर बाद. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, इंग्रजी नको. अकरापर्यंत मोजता आलं की झालं.

कारखान्यांसाठी २०२५पर्यंत १९४८चाच फॅक्टरी कायदा होता. त्याच्या कलम २९नुसार प्रत्येक उचलयंत्राची, साखळीची आणि दोराची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी लागे आणि किती भार सुरक्षित आहे ते ठळक लिहावं लागे. जिनिंगमध्ये टांगलेल्या चेन कप्पीवर '१ टन' असं रंगवलेलं असतं ते म्हणून. आमच्याच जिल्ह्यात वणीच्या पट्ट्यात, उकणी-कोलारपिंपरीकडे, दगडी कोळसा निघतो. खाणीत माणसं नेणाऱ्या दोराचा तर कायद्याने जन्मदाखला ठेवावा लागतो. त्याचं वय ठरलेलं, टोक ठरावीक मुदतीने कापून नव्याने बांधायचं, रोज कुणीतरी तो बघून वहीत सही करायची.

आणि मग येते विहीर. ती फॅक्टरी नाही. माणसं जमिनीखाली उतरतात, सुरुंग लावतात, दगड वर काढतात, पण ती खाणही नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि त्याच्या नियमांत उचलयंत्रांवर सविस्तर भाग होता. पण तो लागू झाला दहा किंवा जास्त मजूर असलेल्या आस्थापनांना. विहिरीवरची टोळी सहा-सात जणांची. हजेरीच दहाच्या खाली, तर नियम कुणाला लावणार? कापसाची गाठ गोदीत ज्या दोराने उचलली जायची, त्या दोराच्या तारा मोजायचा नियम होता. ज्या रानात तो कापूस पिकला, तिथे विहीर खोदणाऱ्याच्या डोक्यावरचा दोर मात्र कुणी मोजायचा नव्हता.

२००६ साली, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळ होतं. पाणी हे उत्तर ठरलं आणि 'धडक सिंचन विहीर' हे शब्द आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी झाले. रोजगार हमीतूनही विहिरी झाल्या. त्या कायद्याचा आग्रह असा होता, की काम शक्यतो हातांनी व्हावं, मजुराचं काम हिरावणारी यंत्रं नकोत. हेतू चांगलाच होता. पण चाळीस फुटांवरून काळा पाषाण हातांनी येत नाही. यंत्र येणारच असेल, तर ते कुणाचं काम हिरावतं याच्याइतकंच ते कुणाच्या डोक्यावर टांगलंय हेही विचारायला हवं. अंदाजपत्रकात घनमीटर असतात, खडकाचा प्रकार असतो. दोराची ओळ मी तरी पाहिलेली नाही.

बारा मीटरवरून सुटलेला डोल तळाला पोचायला दीड सेकंद लागतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. वरून "हटाऽ" म्हणून ओरडायला आणि ते खाली समजायला एवढा वेळ पुरत नाही. म्हणजे जे करायचं ते दोर तुटायच्या आधीच करावं लागतं, सकाळी, इंजिनाला हँडल मारण्यापूर्वी.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा शेजारच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. इंजिन नवं होतं, बाकी सगळं तसंच. डोलातच पाय ठेवून दोन पोरं वर आली. मी किरेनवाल्याला म्हटलं, भाऊ, जरा दोर बघू का? तो हसला, पण नाही म्हणाला नाही. इंजिन बंद असताना मी एक जुनं धोतराचं फडकं दोराभोवती धरून हळूहळू सरकवलं. तुटलेल्या तारेचं टोक असेल तिथे फडकं अडकतं. बोटं चिरत नाहीत आणि नजरेतून सुटलेलंही सापडतं. ड्रमच्या जवळ, जिथे दोर रोज त्याच जागी वाकतो, तिथे फडकं अडकलं. आम्ही दोघांनी मिळून टोकं मोजली. तळहाताएवढ्या जागेत चौदा.

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "नवा दोर पांढरकवड्यालेच भेटते. आजचा दिवस जाईन." मी म्हटलं, जाऊ द्या.

खालची पोरं वर येऊन सावलीत बसली होती. त्यांना वाटलं, इंजिन बिघडलं.