मुलांसाठीं बायबलच्या कथा

मुलांसाठीं बायबलच्या कथांचें सोपें पुस्तक कोणतें घ्यावें, असें एका परिचित गृहस्थांनीं मला विचारलें. त्यांच्यापुढें तीन सचित्र पुस्तकें होतीं. तिन्हींचें वेष्टन मोहक. मीं म्हटलें, "प्रथम योनाची गोष्ट काढा, आणि तिचा शेवट पाहा."

असें कां म्हटलें, हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मार्टिन लूथरनें १५२९ सालीं आपल्या प्रार्थनापुस्तकास चित्रमय कथाभाग जोडला, तो मुख्यतः मुलें व साधीं माणसें यांच्याकरितां. पण या प्रकारास शाळेची शिस्त लावली ती योहान ह्यूब्नर यानें. हा हाम्बुर्ग येथील एका विद्यालयाचा मुख्याध्यापक. १७१४ सालीं त्याचें पुस्तक निघालें. जुन्या करारांतील ५२ कथा, नव्यांतील ५२. प्रत्येक कथेखालीं प्रश्न, मग बोध, मग पद्य. प्रश्न स्मरणासाठीं, बोध बुद्धीसाठीं आणि पद्य इच्छेला वळण लागावें म्हणून. हें पुस्तक शतकाहून अधिक काळ चाललें. पुढें १८३२ सालीं क्रिस्टियान गोटलोब बार्थ या पाद्र्यानें नवें पुस्तक रचलें, तेव्हां त्यानेंही ५२ चा दुहेरी आकडा सोडला नाहीं.

जन्म खडूच्या धुळींत गेल्यामुळें मला या मांडणीचें कौतुक वाटतें. तथापि तींत एक धोका आहे. कथेमागोमाग तात्पर्य नेमानें येऊं लागलें म्हणजे तात्पर्यापुरतीच कथा ठेवण्याचा मोह संपादकास होतो.

योनाचेंच पाहा. निनवे नगरास जाण्याची देवाची आज्ञा मोडून तो उलट दिशेच्या गलबतांत बसतो. वादळ होतें, मासा त्याला गिळतो, तिसऱ्या दिवसानंतर किनाऱ्यावर टाकतो. पुष्कळ बालपुस्तकें येथेंच थांबतात. 'आज्ञा पाळावी', झालें! मूळांत मात्र चार अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्याच्या शेवटींच निघून जातो. पुढें निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना क्षमा करतो, आणि योना संतापतो. परक्यांचें दुष्ट नगर वांचलें, हें त्याला साहवत नाहीं. नगराबाहेर त्याच्यावर छाया धरणारा एक वेल किडीनें सुकतो, तेव्हां मात्र तो हळहळतो. एका वेलाची इतकी कींव, तर एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसांची आणि मुक्या गुरांची देवानें करूं नये काय? या प्रश्नावर ग्रंथ संपतो. योनाचें उत्तर दिलेलेंच नाहीं.

मुलाला उत्तर सांपडत नाहीं म्हणून हा भाग गाळणें मला तरी पटत नाहीं. वंशावळ्या खुशाल गाळाव्यात, विधिनियमही गाळावेत.

भाषेचा सोपेपणा ही निराळी गोष्ट. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक मूळांवरून साध्या बायाबापड्यांना उमजेल अशा मराठींत बायबल उतरविलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं शब्द सोपे केले, ग्रंथ कापला नाहीं. बालपुस्तकाला कापावें लागतेंच. पण कोठें कापलें, हें घेणाऱ्यानें दुकानांत उभ्याउभ्याच पाहावें.

त्या गृहस्थांच्या तीन पुस्तकांपैकीं दोहोंत योना किनाऱ्यालाच राहिला होता. तिसऱ्यांत वेल होता. चित्रें त्यांतलीं सर्वांत साधीं, किंमत थोडी अधिक. तरी त्यांनीं तेंच घेतलें.