कंबरदुखी आणि सक्तीची विश्रांती

लडाखमध्ये रोज सकाळी एमआय रूमसमोर एखादा तरी जवान कंबरेवर हात ठेवून उभा दिसतो. कारणं ठरलेली: जेरीकॅन, पिठ्ठू, खडकाळ रस्त्यावरचा प्रवास. २००५ साली, लेफ्टनंट असताना, अशाच एका रांगेत मीही उभा होतो. सल्ला मिळाला, तीन आठवडे फळीवर पडून राहा. राहिलो. उठलो तेव्हा वाकून मोजे घालता येत नव्हते.

हा सल्ला फार जुना. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये विश्रांतीच्या गुणांवर मोठा ग्रंथ लिहिला. मोडलेल्या हाडाला ते ठीकच. पण १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यातली सरकलेली चकती नसेवर दाबते हे दाखवलं, आणि दुखणारी प्रत्येक कंबर म्हणजे काहीतरी मोडलेलं, असा समज रुजला. मोडलंय, मग झोपवा!

व्यायामवाले तेव्हाही होते, पण त्यांचं आपसात जमत नव्हतं. विल्यम्स १९३७ पासून पुढे वाकायला सांगत होते. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींना १९५६ मध्ये उलटंच दिसलं. डोक्याची बाजू उचललेल्या टेबलावर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला, पाठ मागे वाकलेली, आणि त्याची पायातली कळ गेली. केनेडींचं उदाहरण तर आपल्या पेशातलं. दुसऱ्या महायुद्धात पीटी-१०९ या टॉर्पेडो बोटीचे कमांडर, पुढे पाठीवर शस्त्रक्रिया, कमरेला पट्टा. १९६१ च्या अखेरीस हान्स क्राउस या गिर्यारोहक डॉक्टरांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये व्यायामाला लावलं आणि फरक पडला.

तरी खाट सुटेना. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर तपासणी केली: काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना सात. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले, तब्येतीत इतर फरक नाही. १९९५ चा हेलसिंकीचा अभ्यास आणखी पुढे गेला. ताज्या दुखण्यात झोपून राहिलेले मागे पडलेच, पण व्यायाम करणारेही मागे पडले. जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले.

आमच्या पीटी उस्तादांना मी हेच सांगतो. कळ ताजी असताना सिट-अप्स काढायला लावू नका, चालू द्या. व्यायामाचा खरा उपयोग जुनाट दुखण्यात आणि ते परत उलटू नये म्हणून. मात्र पाय लुळा पडला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर थेट हॉस्पिटल.

मला फळीवर झोपवलं तेव्हा हेलसिंकीचा तो निबंध दहा वर्षांचा झाला होता. आमच्यापर्यंत पोचला नव्हता, इतकंच. काल कंबर धरून आलेला शिपाई विचारत होता, "साब, कितने दिन लेटना है?" त्याला लंगरपर्यंत सोबत चालत नेलं. वाटेत दोनदा थांबला.