गणित व विज्ञान अध्यापनात कॅल्क्युलेटर आणि कोडिंग

गणित आणि विज्ञान शिकवताना आकडेमोड, आलेखन, पडताळणी आणि प्रयोगांची प्रतिकृती यांसाठी कॅल्क्युलेटर व संगणकाची आज्ञावली यांचा वर्गात हेतुपूर्वक वापर करण्याची अध्यापनपद्धती. या नोंदीत तिचा विकास, वर्गातील स्वरूप, परिणाम आणि मर्यादा यांचा परामर्श घेतला असून तिचा मुख्य संदर्भ मराठवाड्यातील परभणी जिल्हा आणि त्या अनुषंगाने महाराष्ट्र हा आहे.

संज्ञा व व्याप्ती : कॅल्क्युलेटर हे ठरावीक गणिती क्रिया तत्काळ करून देणारे यंत्र होय; साध्या कॅल्क्युलेटरवर चार मूलक्रिया, शेकडेवारी व वर्गमूळ एवढीच सोय असते, तर शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर त्रिकोणमितीय गुणोत्तरे, लॉगॅरिदम व घातांक यांच्या किमती मिळतात आणि आलेखी कॅल्क्युलेटर समीकरणाचा आलेखही काढून दाखवतो. कोडिंग म्हणजे एखादे काम संगणकाकडून करून घेण्यासाठी त्याला समजेल अशा भाषेत क्रमवार सूचना लिहिणे. अशा सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. आज्ञावली लिहिण्यापूर्वी प्रश्नाचे लहान भाग पाडणे, त्यांतील आकृतिबंध ओळखणे, अनावश्यक तपशील वगळणे आणि उत्तरापर्यंत नेणारा कृतिक्रम निश्चित करणे ही जी वैचारिक प्रक्रिया करावी लागते, तिला संगणकीय विचार असे नाव आहे. फलकावरील ध्वनिचित्रफीत पाहणे किंवा पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत उघडून आशय वाचणे या गोष्टी डिजिटल अध्यापनात मोडत असल्या, तरी तेथे विद्यार्थी प्रेक्षक असतो. प्रस्तुत पद्धतीत तो स्वतः गणन करतो आणि कृतिक्रम रचतो, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मराठी शाळांत तोंडी गणिताची परंपरा जुनी आहे. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही पूर्वी पाठ करून घेतले जात व त्यांचा उपयोग बाजारहाटापासून जमिनीच्या मोजणीपर्यंत होत असे. हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर १९७० नंतरच्या दशकात स्वस्त झाल्यावर मूलक्रियांच्या सरावाचे काय होणार, हा प्रश्न जगभर उपस्थित झाला. अमेरिकेतील गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्ये सर्व इयत्तांत कॅल्क्युलेटरचा उपयोग करून घेण्याची शिफारस केली आणि ब्रिटनमधील कॉक्रॉफ्ट समितीच्या १९८२ च्या अहवालानेही त्याला अनुकूल मत दिले.

कोडिंगच्या शैक्षणिक वापराचा आरंभ १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केलेल्या लोगो या संगणकभाषेपासून मानला जातो. मुलाने संगणकाच्या हुकमाप्रमाणे उत्तरे देत बसण्याऐवजी संगणकाला शिकवावे आणि त्या ओघात गणित शिकावे, ही पॅपर्ट यांची भूमिका होती. तिच्याच परंपरेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००७ मध्ये स्क्रॅच ही भाषा सर्वांसाठी खुली केली. तीत सूचना टंकलिखित न करता रंगीत ठोकळ्यांच्या रूपात जुळवल्या जातात.

भारत व महाराष्ट्र : भारतात १९८४ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प हाती घेऊन आरंभी सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक पुरवले. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती संगणक देण्याचा लक्षणीय प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथे झाला. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) गणित व विज्ञान यांच्या अध्यापनावर संशोधन करते, तर पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने (स्थापना १९८३) हाताने काम करीत शिकण्याची दिशा राज्यातील अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचवली.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या गणितविषयक आधारपत्राने कॅल्क्युलेटरकडे केवळ आकडेमोडीचे साधन म्हणून न पाहता पुनरावर्ती क्रियांचा शोध घेण्याचे साधन म्हणून पाहावे, असे सुचवले. परीक्षेत कॅल्क्युलेटर लागेल असे प्रश्न विचारण्याची गरज नाही, हेही त्यात नमूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या पूर्व-माध्यमिक स्तरावर कोडिंगशी संबंधित उपक्रम अपेक्षित आहेत. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेतून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मनियंत्रक व संवेदक शाळांत आले. बालभारतीच्या नववी व दहावीच्या भूमितीच्या पुस्तकांत जिओजेब्रा या मुक्त आज्ञाप्रणालीच्या साह्याने आकृत्या काढून गुणधर्म तपासण्याच्या कृती दिलेल्या आहेत.

परीक्षेतील स्थान : परभणी जिल्ह्यातील राज्य मंडळाच्या शाळा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. दहावीच्या गणिताच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांवर कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही अशी सूचना असते आणि बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांत कॅल्क्युलेटरऐवजी लॉगसारणी वापरण्याची मुभा असते. याउलट दहावीनंतर तंत्रनिकेतनात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदविका परीक्षेत आज्ञावली साठवता न येणारा कॅल्क्युलेटर वापरता येतो. परिणामी एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी अकरावीत गेलेला लॉगसारणीतील स्तंभ शोधत असतो आणि तंत्रनिकेतनात गेलेला शास्त्रीय कॅल्क्युलेटरची कळ दाबत असतो. मात्र दोघांनाही शाळेत त्या यंत्राचा डोळस वापर शिकवलेला नसतो. परीक्षेतील मनाई अध्यापनातही लागू आहे असा समज रूढ झाल्याने हे घडते. वास्तविक मंडळाची सूचना परीक्षागृहापुरती आहे आणि वर्गात कॅल्क्युलेटर वापरण्यास तिने कोणताही अडथळा येत नाही.

गणितातील उपयोग : कॅल्क्युलेटरचा पहिला शैक्षणिक लाभ त्याच्या मर्यादांतूनच मिळतो. दोन अधिक तीन गुणिले चार ही क्रिया साध्या कॅल्क्युलेटरवर त्याच क्रमाने केली असता २० हे उत्तर येते, तर शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर १४ येते. पहिले यंत्र कळा दाबल्या त्या क्रमाने क्रिया करते आणि दुसरे ‘कंचेभागुबेव’चा नियम पाळते, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले की क्रियांचा क्रम हा संकेत कशासाठी आहे ते त्याला उमगते. त्याचप्रमाणे एक भागिले तीन करून आलेल्या उत्तराला तिनाने गुणल्यास अनेक साध्या यंत्रांवर १ ऐवजी ०.९९९९९९९ दिसते व त्यावरून आवर्ती दशांश आणि यंत्राची मर्यादित अंकक्षमता या दोन्ही गोष्टी स्पष्ट करता येतात. दोनचे वर्गमूळ काढण्यासाठी १ हा अंदाज धरून, अंदाज आणि दोनला त्या अंदाजाने भागून येणारी संख्या यांची सरासरी घेत गेल्यास १.५, १.४१६६७, १.४१४२२ अशा किमती मिळतात. हाताने कंटाळवाणी होणारी ही क्रिया कॅल्क्युलेटरमुळे काही मिनिटांत होते आणि लक्ष आकडेमोडीवरून किमती कोठे स्थिरावतात याकडे वळते.

भूमितीत लोगो किंवा स्क्रॅचद्वारे बहुभुज काढणे हा कोडिंगचा सर्वमान्य प्रवेशपाठ आहे. ‘शंभर पावले पुढे जा आणि उजवीकडे ९० अंशांत वळा’ ही जोडी चार वेळा दिल्यास चौरस मिळतो. समभुज त्रिकोणासाठी मात्र विद्यार्थी बहुधा ६० अंश ही किंमत देतात आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी षट्कोनाच्या तीनच बाजू उमटतात. वळण आतील कोनाएवढे नसून बाह्यकोनाएवढे, म्हणजे १२० अंशांचे असते, हे या चुकीतून लक्षात येते आणि बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते हे प्रमेय सिद्ध करण्याआधीच अनुभवाला येते.

कापरेकर स्थिरांकाचे उदाहरण : कॅल्क्युलेटर आणि कोडिंग यांचा सांधा जुळवणारे सर्वोत्तम उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेल्या कृतीत सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडतात आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करतात. आलेल्या वजाबाकीवर तीच क्रिया पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. ३५२४ पासून आरंभ केल्यास अनुक्रमे ३०८७, ८३५२ आणि ६१७४ या संख्या येतात. पाचवी-सहावीचा विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर चार-दोन संख्या तपासून अंदाज बांधू शकतो, आठवी-नववीचा विद्यार्थी त्याच कृतीचा ओघतक्ता कागदावर काढू शकतो, आणि पायथॉनसारख्या भाषेतील काही ओळींची आज्ञावली १००० ते ९९९९ मधील पात्र अशा सर्व ८,९९१ संख्या तपासून देते. येथेही चुकीतून शिकण्याची संधी आहे : २१११ पासून आरंभ केल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते, पण ती ०९९९ अशी चार अंकी मानून पुढे जावे लागते, आज्ञावलीत हा आघाडीचा शून्य गळाला तर उत्तर शून्य येते. शून्याचे स्थान का जपायचे, हे यातून समजते. सर्व संख्या तपासणे आणि कारण सांगणारी सिद्धता देणे यांतील भेदही याच उदाहरणावरून उच्च माध्यमिक स्तरावर शिकवता येतो.

विज्ञानातील उपयोग व परभणीचे संदर्भ : परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू आणि सोनपेठ या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्याचे जीवन मुख्यतः कापूस, सोयाबीन व ज्वारी या पिकांवर आणि त्यामुळे पावसावर अवलंबून आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) हवामानाच्या नियमित नोंदी घेतल्या जातात, शेतीतील ड्रोन व यंत्रमानव यांच्या वापराचे प्रशिक्षणही तेथे दिले गेले आहे, आणि राज्याच्या कृषी विभागाकडून पावसाची महसूल मंडळनिहाय आकडेवारी प्रसिद्ध होते. हे आकडे विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या गावांचे असल्याने सरासरी, मध्यक आणि आलेख शिकवण्यासाठी पुस्तकातील कल्पित सारण्यांपेक्षा ते अधिक परिणामकारक ठरतात.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या संबंधावरून एका एकरावर पडलेला १० मिलिमीटर पाऊस सुमारे ४० हजार लिटर भरतो, हे कॅल्क्युलेटरवर काढताना एकर, हेक्टर व गुंठा यांचे रूपांतर आपोआप घडते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी धरली जाते. आकड्यांच्या यादीतून असे दिवस निवडणारी आज्ञावली हा ‘जर–तर’ या अटीचा उत्तम पहिला धडा होय, कारण त्या अटीचा नुकसानभरपाईशी असलेला संबंध शेतकऱ्याच्या मुलाला घरातूनच ठाऊक असतो.

भौतिकशास्त्रात लंबकाचा आवर्तकाल मोजून तो लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो हे तपासताना २५ सेंटिमीटरच्या लंबकाला एका आवर्तनासाठी सुमारे एक सेकंद आणि एक मीटरच्या लंबकाला सुमारे दोन सेकंद लागतात, असे आढळते. अनेक निरीक्षणांची सरासरी कॅल्क्युलेटरने काढल्यास त्रुटींच्या चर्चेला वेळ उरतो. हवेच्या रोधासह पडणाऱ्या वस्तूची गती सूत्राने सोडवणे शालेय गणिताच्या आवाक्याबाहेर असले, तरी काळाचे अगदी लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर वेग व अंतर बदलत नेणारी छोटी आज्ञावली नववीच्या विद्यार्थ्यालाही समजते. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील (आरंभ २००२) आभासी प्रयोगांपैकी अनेक मराठीत उपलब्ध आहेत. मात्र ते प्रत्यक्ष प्रयोगाला पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

परिणाम व मर्यादा : हेम्ब्री आणि डेसार्ट यांनी १९८६ मध्ये ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखवले की, नेहमीच्या अध्यापनाच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरल्याने विद्यार्थ्यांची कागदावरील कौशल्ये सामान्यतः घटत नाहीत आणि गणिताविषयीचा दृष्टिकोन सुधारतो, केवळ चौथ्या इयत्तेत सततच्या वापराचा प्रतिकूल परिणाम दिसला. पाढे, स्थानिक किंमत व मूलक्रिया यांचा पाया घातला जात असताना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवणे आणि पाचवीनंतर तो हळूहळू आणणे, हा या निष्कर्षाशी सुसंगत क्रम आहे. गणनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी मात्र कॅल्क्युलेटर ही सोय नसून गरज आहे.

कोडिंगच्या बाबतीत भाषा हा मोठा अडसर आहे. पायथॉनसारख्या भाषांतील आज्ञा इंग्रजीत असल्याने मराठी व उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अपरिचित गोष्टींना तोंड द्यावे लागते. कृतिक्रम आधी मातृभाषेत लिहून घेणे, ओघतक्ता काढणे आणि त्यानंतर ठोकळ्यांच्या भाषेतून मजकुराच्या भाषेकडे जाणे हा त्यावरील योग्य मार्ग आहे. वीज, संगणकांची संख्या आणि देखभाल यांच्या अडचणी असलेल्या शाळांसाठी संगणकाविना संगणकीय विचार शिकवण्याची पद्धत उपयुक्त ठरते. एसीएम इंडिया या संस्थेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६ पासून अशा कृतींचा प्रसार करीत आहे. तरीही सर्वांत निर्णायक घटक शिक्षकच आहे. उत्तर येण्यापूर्वी अंदाज मागणारा आणि उत्तर आल्यावर त्याची पडताळणी करायला लावणारा शिक्षक नसेल, तर महागडी प्रयोगशाळाही केवळ उत्तरे छापून देते.

मूल्यमापन : प्रस्तुत पद्धतीचा पाया तोंडी गणितच आहे, कारण पाढे आणि अंदाज पक्के असल्याशिवाय यंत्राने दिलेले चुकीचे उत्तर ओळखता येत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात तिचा आरंभ करण्यासाठी नव्या इमारतीची वा मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. गटाला एक साधा कॅल्क्युलेटर, वहीतील ओघतक्ता आणि आपल्या मंडळाच्या पावसाचे आकडे एवढी सामग्री पुरेशी आहे. दहावीच्या गणितात लेखी परीक्षेच्या ८० गुणांखेरीज अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात आणि ते शाळेच्याच हाती असतात. या गुणांमध्ये कॅल्क्युलेटर व कोडिंग यांवर आधारित एका शोधकृतीला स्थान दिल्यास लेखी प्रश्नपत्रिकेचा कोणताही नियम न बदलता ही पद्धती जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत सुरू होऊ शकते.